एकोणीस नंबरचा कोरा कागद

पाठदुखी हा आजार नसून स्वभाव आहे, असं आमच्या साहेबांचं ठाम मत होतं. ज्याला काम करायचं नाही त्याची पाठ दुखते, ज्याला अजिबातच करायचं नाही त्याची मान दुखते, आणि मनगट फक्त पगारवाढ मागणाऱ्यांचं दुखतं. हे त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं, तेही मागेपुढे ओढायच्या सात दांड्यांच्या खुर्चीत रेलून. एक दांडा कंबरेसाठी, एक मानेसाठी, दोन कोपरांसाठी. उरलेले तीन कशासाठी हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण खुर्ची साहेबांची होती, तेव्हा दांडे हवेतच.

मी शर्टांच्या कारखान्यात धागे कापायच्या विभागाचा सुपरवायझर आहे. शिवून आलेल्या शर्टाला कॉलरपाशी, काजांपाशी, बगलेत धाग्यांची टोकं लोंबत असतात. ती कापून शर्ट स्वच्छ करायचा, एवढंच आमचं काम. बत्तीस टेबलं, प्रत्येक टेबलापाशी एक बाई, आणि तिच्या मुठीत बोटभर लांबीची चिमट्यासारखी कात्री. अंगठ्याने दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. एका शर्टाला तीस-चाळीस वेळा, आणि दिवसाला अडीचशे शर्ट. टेबलं एका बंद पडलेल्या शाळेतून आणलेली, म्हणजे दहा वर्षांच्या पोराने बाकावर बसून लिहावं एवढ्या उंचीची. आमच्या बायका त्यांच्यापुढे उभ्या राहून वाकायच्या. बसलं की झोप येते, हेही साहेबांचंच मत.

तयार शर्टाला एक चिठ्ठी टाचायची आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या टेबलाचा नंबर लिहून त्याला गोल करायचा, असा आमच्याकडे नियम आहे. कुठे धागा राहिला तर तो कुणी ठेवला हे कळावं म्हणून. बायकांच्या हाताला हे इतकं बसलं होतं की कागद पुढे आला की नंबर पडायचाच. सुट्टीच्या अर्जावर नंबर, डब्याच्या झाकणावर नंबर. एकीने तर बँकेच्या फॉर्मवरही कोपऱ्यात गोल काढून सत्तावीस लिहिलं होतं, आणि काउंटरवरचा माणूस बराच वेळ त्या सत्तावीसचा अर्थ शोधत बसला होता. आम्ही त्यावर महिनाभर हसलो.

एकोणीस नंबरला माझी ताई. सख्खी, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. ताईने कात्री हातात घेतली, मला शिकवलं, आणि शिकूनसवरून मी तिचाच सुपरवायझर झालो. कारखान्यात ती मला चेष्टेने 'मालक' म्हणायची, घरी 'छोट्या'. भावोजी एका सकाळी गुळगुळीत दाढी करून घराबाहेर पडले ते पडलेच. भाची परगावी वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती, तिची अजून दोन वर्षं बाकी होती. ती दोन वर्षं आम्हा दोघांच्या पगारावर उभी होती. एकाचा पगार गेला तर पोरगी परत, हे गणित ताईला झोपेतही येत होतं.

आणि ताईचा उजवा अंगठा कामातून गेला होता. सकाळी उठली की तो तळहातात मिटून बसलेला असायचा. कोमट पाण्याच्या तपेल्यात हात बुडवून ती एकेक बोट सोडवायची, आणि शेवटी अंगठा सुटताना टक् असा आवाज व्हायचा. मला तो दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. मग मी तिचे केस बांधून द्यायचो. वाईट बांधायचो. कारखान्यात आल्यावर अठरा नंबरवाली ते सोडून पुन्हा नीट बांधायची. या अठरा नंबरवालीला सगळे शिडी म्हणायचे, कारण विभागात तीच सर्वांत उंच, आणि त्या बुटक्या टेबलांपुढे सर्वांत जास्त वाकायची तीच. नऊ वर्षं या दोघी शेजारी उभ्या होत्या. एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसायची.

दुखण्याबद्दल कुणी बोलायचं नाही. बोलायची सोय होती, नाही असं नाही. साहेबांच्या केबिनबाहेर तक्रारपेटी टांगलेली होती आणि तिच्यावर बरोबर कॅमेरा. पाच वर्षांत त्या पेटीत एक चॉकलेटचा कागद तेवढा सापडला. सहा नंबरवाली एकदा मनगटाला पट्टा बांधून कामावर आली, तर साहेबांनी तिला प्रेमाने विश्रांती घ्यायला सांगितलं. ती अजून घेते आहे.

मग आमचे शर्ट घेणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. कामगारांच्या शरीराला काम कितपत सोसतं याची पाहणी करून अहवाल पाठवा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. पत्रात एर्गोनॉमिक्स हा शब्द चार वेळा होता. साहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि शेजारच्याच्या पोराने गाडीवर ओरखडा काढावा तसं तोंड केलं.

पाहणीला आलेली बाई व्यायामोपचाराची डॉक्टर होती. तिशीची, बारीक, गळ्यात मोजायची टेप. तासाभरात बायकांनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. तिने आधी साहेबांची मुलाखत घेतली, कारण व्यवस्थापनाचं मत काय हेही अहवालात लागतं म्हणे. मी दाराशी फायली घेऊन उभा होतो.

"एर्गोनॉमिक्स म्हणजे तुमच्या मते काय?" तिने विचारलं.

"खुर्च्या," साहेब म्हणाले.

"फक्त खुर्च्या?"

"महागड्या खुर्च्या. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना लागतात. आमच्या बायका उभ्या असतात, त्यांना कशाला?"

"टेबलांच्या उंचीचा कधी विचार केलाय?"

"मॅडम, टेबलं सगळ्यांना सारखी आहेत. आमच्याकडे भेदभाव नाही."

मोजपट्टीने मान खाली घालून लिहून घेतलं. मला वाटलं ती हसते आहे, पण तिचा जबडा आवळलेला होता. तिने विचारलं, कुणी तक्रार करतं का? साहेबांनी अभिमानाने पेटीकडे बोट दाखवलं. "पाच वर्षं रिकामी. आणि खरं सांगू का? नाचता येईना अंगण वाकडं, यातला प्रकार असतो हा. आम्ही तरुणपणी पोती उचलली, आमचं काय झालं?" हे म्हणताना त्यांनी कंबरेचा दांडा एक घर मागे ओढला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोजपट्टीने बायकांना जमवलं आणि बत्तीस कागद वाटले. कागदावर माणसाची दोन चित्रं होती, एक समोरून, एक पाठमोरं, आणि जोडीला एक लाल पेन्सिल. जिथे दुखतं तिथे रंगवा, फार दुखतं तिथे गडद. नाव लिहायचं नाही. घडी करून तिने सोबत आणलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायचं. कोणाचा कागद कुठला हे मलाही कळणार नाही, ती म्हणाली.

कुणीच पेन्सिल उचलेना. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, मग ताईकडे, आणि ताईने माझ्याकडे बघितलं. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "खरं रंगवू का, मालक?"

"रंगव ना," मी म्हणालो. "नाव कुठे आहे त्यावर?"

हे मीच म्हणालो. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. मला खरंच वाटलं होतं की यातून टेबलं वर येतील, बसायला स्टुलं मिळतील, ताईच्या अंगठ्याला दिवसातून दोनदा सुट्टी मिळेल. मोजपट्टी हुशार वाटत होती, आणि हुशार माणसाचं कुणीतरी ऐकतं अशी माझी तेव्हा समजूत होती. ताईने रंगवायला घेतलं तशी शिडीने घेतलं, मग सगळ्यांनीच. शाळेतल्यासारखी शांतता झाली. कुणी पाठीवर पेन्सिल टेकवून विचार करत होती, कुणी हसत होती, म्हणत होती की अगं, चित्रात जागा पुरेना.

मोजपट्टी मग इस्त्री विभागात मोजमाप करायला गेली. जाताना पेटी माझ्याकडे देऊन म्हणाली, "बत्तीस आहेत ना तेवढे मोजून गठ्ठा बांधा. पाचला मी घेऊन जाते."

मी मागच्या खोलीत पेटी उघडली. पहिला कागद उलगडला. उजव्या कोपऱ्यात, नीट गोल करून, चार. दुसऱ्यावर एकवीस. तिसऱ्यावर नऊ. बत्तीस कागद आणि बत्तीस नंबर, एकीलाही चूक झालेली नव्हती. नाव लिहू नका म्हटलं, त्यांनी लिहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एकोणीसचा कागद मी शेवटी उघडला. उजवा अंगठा तिने इतका रंगवला होता की तिथे कागद फाटला होता.

आता काय करायचं होतं ते सांगतो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं कुणाला वाटायला नको. माझ्या खिशात कात्री होती. बत्तीस कोपरे कापायचे होते. कापण्याच्या विभागात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला दोन मिनिटांचं काम. किंवा गठ्ठा उचलून सरळ इस्त्री विभागात जायचं आणि मोजपट्टीच्या हातात द्यायचा. पण कोपरे कुणी कापले असं साहेब विचारणार, आणि ते विचारणार हे मला माहीत होतं, कारण सकाळीच त्यांनी डोळा मिचकावून सांगितलं होतं, "गठ्ठा बांधलात की आधी माझ्याकडे आणा, जरा नजर टाकू." मी भित्रा माणूस आहे. अठरा वर्षं भित्रा राहूनच मी सुपरवायझर झालो.

मी फक्त एक कागद बदलला. शिल्लक कोऱ्या कागदांतला एक घेतला, त्याच्या कोपऱ्यात ताईच्या वळणाने एकोणीस लिहिलं, गोल केला. नंबर नसलेला एकच कागद उठून दिसला असता. चित्रात काहीही रंगवलं नाही, एक ठिपकासुद्धा नाही. ताईचा खरा कागद तुकडे करून खिशात घातला. बाकीच्या एकतीस जणींचं काय होईल, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. मी म्हटलं, ज्याचं त्याने बघावं.

साहेबांनी कागद मीटिंगच्या टेबलावर नंबरवार मांडायला लावले; मोजपट्टीला गठ्ठा मागाहून पाठवतो असा निरोप दिला. मग ते टेबलाभोवती फिरले, हात मागे बांधून, एखाद्या प्रदर्शनात फिरावं तसे. मला वाटलं ते चिडतील. ते खूश झाले.

"सगळ्या लाल," ते म्हणाले. "बघा, बघा. ही अठरा नंबर तर नखशिखांत लाल. एवढं दुखतं तर बाई उभी कशी राहते?" आणि मग एकोणीसपाशी थांबले. कागद उचलून उजेडात धरला, पालथा करून बघितला. "ही कोण?"

"एक बाई आहे, साहेब."

"तुमची बहीण ना?"

मी होय म्हणालो.

"काहीच दुखत नाही हिला?"

इथे पुन्हा एक दार उघडं होतं. मी म्हणालो, "नाही, साहेब."

ते खुर्चीत बसले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, खरा आनंद आला. "आज मला एर्गोनॉमिक्स कळलं," ते म्हणाले. "टेबल तेच. उंची तीच. कात्री तीच. तास तेवढेच. एकतीस जणींना दुखतं आणि एकीला नाही. टेबलात दोष असता तर बत्तीसही लाल असत्या. बरोबर की नाही? म्हणजे टेबल ठीक आहे. माणसं चुकीच्या मापाची आणलीत आपण."

आमच्या धंद्यात कुठलीही ऑर्डर नमुन्याशिवाय सुरू होत नाही. गिऱ्हाइकाने पसंत केलेला एक शर्ट पिशवीत घालून भिंतीवर टांगतात, आणि पुढचे दहा हजार शर्ट त्याच्याशी ताडून बघतात. जो जुळत नाही तो बाद. साहेब आयुष्यभर शर्टच बघत आले होते. त्यांनी ताईला नमुना केलं.

दुसऱ्या दिवशी तिला केबिनमध्ये बोलावून भिंतीशी उभी केली. उंची, खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात, कोपरापासून मनगट, तळव्याची रुंदी, अंगठ्याची लांबी. टेप मीच धरली होती. ताईला वाटलं नवा गणवेश देणार आहेत. ती लाजून म्हणाली, "अहो, थोडा सैल असू दे." साहेब मोठ्याने हसले. भरतीच्या खोलीच्या चौकटीवर त्याच आठवड्यात लाल रंगाच्या दोन रेघा आल्या, एक ताईपेक्षा दोन बोटं वर, एक दोन बोटं खाली. या दोन रेघांमध्ये जिचं डोकं येईल तिलाच धागेकापणीत घ्यायचं. मापाबाहेरच्या जुन्या बायकांना आठवड्याला चार या हिशेबाने निरोप. ज्यांचे कागद जास्त लाल त्या आधी. "त्यांच्याच भल्यासाठी," साहेब म्हणाले. "न सोसणारं काम माणसाकडून करून घेणं हा गुन्हा आहे, मॅडमच्या पुस्तकात तसं लिहिलंय."

पहिल्या चौघींत शिडी होती. साहेबांनी तिला सांगितलं, तू वाईट नाहीस, तू फक्त लांब आहेस.

ती सामान घेऊन निघाली तेव्हा विभागात कुणी मान वर करेना. कोऱ्या कागदाची गोष्ट तोपर्यंत सगळ्यांना कळली होती. साहेबांनीच सांगितली होती, कौतुकाने. त्या दिवसापासून ताईशी कुणी बोलत नव्हतं. साहेबांची लाडकी, भावाच्या पदराआड लपलेली, स्वतः कोरी राहून आम्हाला रंगवायला लावलं. हे सगळं तिला ऐकू जाईल असंच बोललं जायचं. ताईला काही कळत नव्हतं. तिला वाटत होतं कागदांची कुठेतरी अदलाबदल झाली असेल. घरी ती मला दोनदा म्हणाली, "छोट्या, तू साहेबांना सांग ना काहीतरी घोटाळा झालाय," आणि मी दोन्ही वेळा म्हणालो, बघतो.

शिडी एकोणीस नंबरपाशी थांबली. मला वाटलं आता शिव्या देणार. तिने पिशवी खाली ठेवली, ताईच्या केसांतली मानेशी घसरलेली पिन काढली आणि केस नीट बांधले. नेहमीसारखे. मग ताईलाच पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "तू माझ्या शेजारी बसून रंगवलंस. अंगठा रंगवताना तुझा कागद फाटला, मी म्हटलं हळू गं. तो कोरा कसा होईल?"

ताईने हातातला शर्ट खाली ठेवला.

"मोजायला दादा बसले होते," शिडी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दादा, बहिणीला वाचवलंत, चांगलं केलंत. मीही वाचवलं असतं. पण मग आमचेही तेवढे फाडायचेत ना. एकतीसच तर होते."

ती गेली. ताईने पुढचा शर्ट ओढला आणि कापायला लागली. संध्याकाळपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही, घरी जातानाही नाही. घरी पोचल्यावर कुलूप उघडायला तिने किल्ली माझ्या हातात दिली, कारण तिला ती फिरवता येत नव्हती, आणि तेवढंच म्हणाली, "ते एकोणीस माझ्या हातानं नव्हतं ना लिहिलेलं, मग हा हात माझा राहिला नाही आता."

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच केलं, ताई."

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर शिवीही देता येत नाही."

दोन आठवड्यांनी मोजपट्टी अहवालाचं वाचन करायला आली. तिने दारातूनच विभाग बघितला आणि थबकली. दहा-बारा नव्या मुली, सगळ्या एका उंचीच्या, एकाच पुठ्ठ्यातून कापल्यासारख्या. तिने केबिनमध्ये जाऊन आवाज चढवला. कागद गुप्त होते, तुम्ही वाचलेतच कसे!

"मी नाव कुठे वाचलं?" साहेब म्हणाले. "नंबर वाचला. आणि मॅडम, तुमच्याच अहवालात पहिलं वाक्य आहे, काम आणि माणूस एकमेकांना जुळले पाहिजेत. आम्ही जुळवले."

"काम माणसाला जुळवायचं असतं! टेबलं वर घ्यायची, स्टुलं द्यायची, तासाभराने काम बदलायचं!"

"टेबलं बत्तीस हलवायची, की माणसं? माणसं स्वतःच्या पायांनी जातात."

साहेबांनी पुरावा म्हणून एकोणीसचा कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. तो बघून ती म्हणाली, इतकी वर्षं ही कात्री चालवणाऱ्या बाईला काहीच दुखत नाही हे मी मानणार नाही, तिला बोलवा. साहेबांना तेच हवं होतं. ताई आली. मी फायली घेऊन दाराशीच उभा होतो.

मोजपट्टीने तिचा उजवा हात हातात घेतला. हळुवार, मला मान्य आहे, फार हळुवार. "अंगठा तळव्यात घ्या आणि मूठ मिटा," ती म्हणाली. ताईने मिटली. "आता मूठ अशीच ठेवून मनगट करंगळीच्या बाजूला खाली वाकवते हं. ज्याचा अंगठा बिघडलाय तो इथे ओरडतो." आणि तिने वाकवलं.

ताई ओरडली नाही. तिच्या कपाळावर, वरच्या ओठावर घाम फुटला. पायाची बोटं चपलेत आखडलेली मला दिसली. ती माझ्याकडे बघत होती, त्या सगळ्या वेळात फक्त माझ्याकडे. ती खरं बोलली असती तर मोजपट्टी जिंकली असती. कदाचित टेबलं वर आली असती, कदाचित शिडी परत आली असती. आणि कोरा कागद कुणी घातला हे साहेबांनी त्याच क्षणी विचारलं असतं, मी दारातून बाहेर गेलो असतो, पाठोपाठ ती, आणि भाची पहिल्या गाडीने घरी.

"दुखतं?" मोजपट्टीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

"खरं सांगा. मी तुमच्या बाजूची आहे."

"नाही दुखत, मॅडम."

मोजपट्टीने अजून थोडं वाकवलं. टक् असा आवाज झाला. केबिनमध्ये सगळ्यांनी ऐकला. साहेब म्हणाले, "थंडीची हाडं वाजतात," आणि अहवालावर सही मागितली. मोजपट्टीने ताईचा हात खाली ठेवला, एखादी काचेची वस्तू ठेवावी तसा, आणि सही न करता निघून गेली. साहेबांनी महिन्याभरात दुसरा तज्ज्ञ आणला. त्याने खुर्ची फार आवडल्याचं सांगितलं आणि सही केली.

ताई अजून चार महिने उभी होती. तिला दुखत नाही म्हटल्यावर रोजचे शर्ट तीनशे झाले, आणि नव्या मुलींना शिकवायचं काम वेगळं. पाचव्या महिन्यात अंगठा मिटला तो सुटलाच नाही. कात्री घसरून तिने एका दिवसात अकरा शर्टांच्या कॉलरी कापल्या. अकराही चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात नंबर नीट घातलेला होता, डाव्या हाताने, वाकडातिकडा. चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या आणि माझ्याकडून साहेबांकडे गेल्या. तसा नियम आहे. साहेब म्हणाले, "वाईट वाटतं. पण नमुनासुद्धा जुना होतो." मग मला वरची जागा दिली. भरतीचं काम माझ्याकडे आलं, कारण माप घेणं मला चांगलं जमतं. रोज दोन-तीन मुली त्या दोन रेघांमध्ये उभ्या राहतात आणि मी बघतो. कुणी टाचा उंचावते, कुणी गुडघे वाकवते. मी त्यांना सरळ उभं राहायला सांगतो.

भाचीची दोन्ही वर्षं माझ्या नव्या पगारात पार पडली. ती आता नोकरीला आहे आणि ताई तिच्याकडे राहते. अंगठ्याचं ऑपरेशन दोनदा झालं. मी मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा भाची आईचा हात मांडीवर घेऊन तेल लावत होती. ताई चमच्याने खाते आता, डाव्या हाताने. भाचीला सगळं नीट समजतं, तिचा तो अभ्यासच आहे. ती अंगठा चोळता चोळता म्हणाली, "मामा, हे एका दिवसात होत नाही. दोन-तीन वर्षं आधीपासून दिसत असणार. तुम्ही तर तिथेच होतात रोज. तुम्हाला कधी दिसलं नाही?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो कोण जाणे. माझ्या आधी ताई बोलली.

"त्याला दिसलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसलं होतं." आणि मग, पाहुण्याबद्दल बोलावं तशी, "मामांना चहा टाक, त्यांना निघायचं असेल."